मडक्यातली मूठ

प्रिय पोरी,

तुझा निरोप मोबाईलवर वाजला तेव्हा मी वावरात होते. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी लागली. परवा धुऱ्याजवळच्या पऱ्हाटीखाली पाच खडे मांडून सीतादही केलं, दहीभात शिंपडला आणि मग बायांनी ओट्या बांधल्या. निरोप वाचला आणि तिथेच बांधावर बसले. अंगठ्याने चार ओळी टाइप करून उत्तर देण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज कागद घेतला आहे. फोटो काढून पाठवीन. अक्षर लागलं नाही तर फोन कर. तीस वर्षं फळ्यावर लिहिलं की कागदावरचं अक्षर बिघडतं.

तुझ्या सासूबाई भादव्यात गेल्या आणि पितृपक्ष लगेच आला. तुला नीट रडायलाही वेळ मिळाला नसेल. तेराव्यापर्यंत माणूस पाहुण्यांच्या पत्रावळी मोजतो. खरं घर रिकामं होतं ते नंतर, दुपारच्या वेळी.

तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. देवघराचं काय करू, त्यांचं अर्धं राहिलेलं पारायण कोणी पूर्ण करायचं, आणि तिसरं तू अगदी शेवटी, चाचरत लिहिलं आहेस: "मॅडम, मला त्यांच्यासारखा विश्वास नाही. मग मी दिवा लावला तर ते ढोंग नाही का?" आधी या तिसऱ्याचंच बोलते. पहिल्या दोहोंना फार शाई लागणार नाही.

मी लग्न होऊन या घरात आले ते 1981 साली. मी डी.एड. झालेली, सासूबाई अंगठाबहाद्दर. त्यांना आम्ही आई म्हणायचो, गाव बुढी म्हणायचं. आमचं गाव तुकडोजी महाराजांच्या आश्रमाच्या मोझरीपासून फार लांब नाही, त्यामुळे इथे तुकडोजी महाराज म्हणजे नुसते तसबिरीतले संत नव्हते, पाहिलेला माणूस होता. नवी नवरी असताना आईंनी महाराजांची खंजिरी ऐकली होती. ते सांगताना त्या उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावर अशा आपटायच्या की वाटे, तो आवाज त्यांच्या हाडात जाऊन बसला आहे. महाराज 1968 साली गेले, पण घरातली संध्याकाळची प्रार्थना कधी चुकली नाही. दिवा, उदबत्ती, आणि प्रार्थना झाली की महाराजांच्या ग्रामगीतेच्या दहा ओव्या.

आता गंमत बघ. ग्रामगीतेचे 41 अध्याय. आईंना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण कितीतरी ओव्या तोंडपाठ होत्या. आधी सासरे वाचायचे. त्यांचे डोळे अधू झाले आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजत होते. देवाधर्माचं मला काही नव्हतं. शाळेतून यायचं, हातपाय धुवायचे आणि पगारी नोकरासारखं वाचायचं. एखादा शब्द गाळला की पाटावरून आवाज यायचा, "थे नाई तसं. मागं जा." घाईने वाचलं तर, "आज घाई हाय का व तुले?" वाचणारीला श्रद्धा नाही आणि श्रद्धा असलेलीला वाचता येत नाही, अशी आमची जोडी. अठ्ठावीस वर्षं चालली. याला ढोंग म्हणायचं तर म्हण. मला आजही त्याचं नाव सापडलेलं नाही.

आई काही संतीण नव्हत्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण तुझ्या निरोपात तुझ्या सासूबाई मला जरा जास्तच देवीसारख्या दिसल्या. गेलेल्या माणसाला आपण घाईघाईने गुळगुळीत करतो. आमच्या आई मला महिन्याचे चार दिवस वेगळं बसवायच्या. नोकरी करणारी बाई, शाळेत पन्नास पोरांना शिकवून यायची आणि घरी आल्यावर ओसरीच्या कोपऱ्यात माझी वेगळी ताटली. एकदा मला इतका राग आला की पाचव्या दिवशी वाचायला बसले ती सरळ महिलोन्नतीचा अध्याय काढून, आणि नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत. बायकांना कमी लेखणाऱ्या समाजाला महाराजांनी जिथे धारेवर धरलं आहे, तिथे मुद्दाम थांबत थांबत. आई डोळे मिटूनच म्हणाल्या, "वाच, वाच. मले आयकू येते." पुढच्या महिन्यात काही बदललं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बदललं ते पंधरा वर्षांनी, माझ्या मुलीच्या वेळी. ती कोपऱ्याकडे जायला निघाली तर म्हणाल्या, "कुठी चालली? भाकरी थापाले बस." एवढंच. मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत की तुझ्या बाबतीत चुकलं. त्या गोष्टीचा सल अजून आहे, तो मी त्यांच्या फोटोला हार घालतानाही काढून ठेवत नाही.

म्हणून तूही काढून ठेवू नकोस. त्यांनी तुला दुखावलं असेल ते आणि त्यांच्यावर तुझी माया होती ते, एका टोपलीत दोन्ही राहतात.

विश्वासाचं म्हणतेस ना. 1987 च्या श्रावणात माझा धाकटा दीर गेला. निंदणाच्या वेळी सरीत साप चावला. जवळच्या दवाखान्यात लस नव्हती, पुढच्या दवाखान्यापर्यंत तो पोचला नाही. चोवीस वर्षांचा होता. त्याच्या तेराव्यानंतर आईंनी संध्याकाळी दिवा लावला, उदबत्ती लावली आणि महाराजांच्या फोटोकडे पाठ करून बसल्या. मी वाचलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तसंच. दिवाळी गेली, तुरीला फुलोरा आला, संक्रांत गेली. दिवा रोज, पाठ रोज.

गावातले एक वडीलधारे गृहस्थ समजूत घालायला आले. त्यांनी गाडगेबाबांची गोष्ट सांगितली. बाबा कीर्तनाला उभे असताना मुलगा गेल्याची बातमी आली, पण त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. आमच्या अमरावती जिल्ह्यात ही गोष्ट लहान पोराला माहीत असते. आईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "थे बाबा होते. मी माय हाव." गृहस्थ चहा पिऊन गेले.

माघात एक संध्याकाळ आली. माझी मुलगी तेव्हा तान्ही होती, मांडीवर किरकिरत होती, आणि एका ओवीत माझा शब्द चुकला. मुद्दाम नाही. मी तशीच पुढे गेले. पाठमोऱ्या आई तशाच बसून म्हणाल्या, "थे नाई तसं. मागं जा." मी मागे जाऊन पुन्हा वाचलं. त्या वळल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पाट फोटोकडे तोंड करून मांडलेला होता. मी काही विचारलं नाही. त्यांनी देवाला माफ केलं, की देव त्यांना पुन्हा पटला, की चुकीचं वाचलेलं त्यांना सहन झालं नाही, मला माहीत नाही. माझा आपला अंदाज तिसरा आहे.

तू पाहिलीस ती तुझ्या सासूबाईंची श्रद्धा म्हणजे पासष्ट-सत्तर वर्षं मुरलेलं लोणचं. तू तुझी कालची कैरी तिच्याशेजारी ठेवतेस आणि म्हणतेस, मॅडम, माझ्यात चव नाही. त्यांचेही पाठ फिरवलेले महिने असतील. तुझ्या नवऱ्याला विचार, नणंदेला विचार. कोणाला तरी आठवतील.

आता मडक्याचं सांगते, कारण माझ्या मते तेच खरं त्यांनी मागे ठेवलं.

स्वयंपाकघराच्या कोनाड्यात एक मातीचं मडकं असायचं. रोज सकाळी भाकरीचं पीठ काढायच्या आधी आई ज्वारीच्या कोठीतून एक मूठ घ्यायच्या आणि त्या मडक्यात टाकायच्या. अश्विन वद्य पंचमीला मोझरीला महाराजांची पुण्यतिथी असते, त्याआधी गावातून धान्य गोळा होऊन ट्रॅक्टरने जातं. आमच्या घरची ज्वारी म्हणजे हे मडकं. सुरुवातीला मला हे फार साधं वाटायचं. एकदा ती मूठ मी शाळेतल्या खिचडीच्या काट्यावर मोजली, 50 ग्रॅम भरली. वर्षाची 18 किलो. आमच्यासारख्या कोरडवाहू घरात हे थोडं नाही. एका वर्षी कोठीच्या तळाला हात लागत होता तेव्हा मी चिडून म्हटलंही, देवाला यंदा सुट्टी द्या. त्यांनी मूठ अर्धी केली, बंद नाही केली.

आणि एका वर्षी ते मडकं मोझरीला गेलंच नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक बाई बाळंत झाली होती. नवरा कामासाठी परगावी, घरात धान्य नाही. आईंनी अख्खं मडकं तिच्याकडे नेऊन रिकामं केलं. गावात कुजबुज झाली, देवाच्या नावाने काढलेलं वळवलं म्हणून. दुसरं कोणी असतं तर दहा कारणं दिली असती. आई एवढंच म्हणाल्या, "मोझरीले तं टॅक्टर भरभरून जाते. हिच्या चुलीपाशी कोन जाते?" आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या मडक्यात पहिली मूठ टाकली, तिचा आवाज झाला. मी तो आवाज ऐकला. महाराजांचं भजन ऐकून मला जे कधी झालं नव्हतं, ते त्या आवाजाने झालं. याहून जास्त मला सांगता येत नाही.

आई 2009 साली गेल्या. त्यांच्यामागे मी काय काय टाकून दिलं, ते ऐक. ओसरीचा कोपरा टाकला. अमावास्येला घराबाहेर पाऊल न घालणं टाकलं. कोणाची दृष्ट लागली म्हणून मीठमिरची ओवाळणं टाकलं, म्हणजे बहुतेक टाकलं. नातू रात्रभर रडला त्या दिवशी ओवाळली, खोटं कशाला सांगू. ठेवलं काय? दिवा, दहा ओव्या आणि मूठ. त्यातही मूठ आता ज्वारीची नाही. आमच्या शिवारात सोयाबीन आलं आणि ज्वारी मागे हटली, आता तीच विकत आणावी लागते. मग मी गव्हाची काढते, स्टीलच्या डब्यात. मडकं फुटलं. आई असत्या तर गव्हाला नाक मुरडलं असतं.

पहिल्या वर्षी मला वाचताच येत नव्हतं, हेही तुला सांगायला हवं. ग्रंथ उघडायची, दोन ओव्या व्हायच्या आणि आवाज बसायचा. दुःखाने म्हणशील तर ते होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. चुकलं तर सांगायला कोणी नव्हतं. मी मुद्दाम एक शब्द चुकवून पाहिला एकदा. पाट गप्प. त्यानंतर शेजारची सहावीतली पोर येऊन बसायला लागली, तिला वाचनाचा सराव हवा होता. आता ती वाचते आणि "मागं जा" मी म्हणते.

तर तुझ्या घराकडे वळू. तुझी सासरची वाट शेगावची. तुझ्या सासूबाई दर गुरुवारी गजानन विजय वाचायच्या आणि पायी दिंड्या निघाल्या की ओसरीवर पाण्याचे माठ आणि पिठल्याचं पातेलं मांडायच्या, हे तूच मला पूर्वी सांगितलं होतंस. तेव्हा तू थोडी वैतागून सांगितलं होतंस, कारण भांडी तुला घासावी लागायची. दासगणूंची ती पोथी 21 अध्यायांची. तुझ्या सासूबाई चौदाव्यावर थांबल्या. तू तिथून पुढे वाच. एका बैठकीत नको, सोवळ्यात नको, रोज पान-दीड पान, मोठ्याने. नागपूरच्या फ्लॅटमध्ये वाचलंस तरी चालेल. लोकलाजेखातर कोणा भटजीला पैसे देऊन पूर्ण करून घेऊ नकोस. त्यांची जागा सोडलेली आहे ती तुझ्यासाठी, असं मला वाटतं. मन लागलं नाही तर नुसते डोळे आणि जीभ लागू दे. मी तसंच केलं अठ्ठावीस वर्षं.

आणि एवढं लक्षात आणून देते. त्या पोथीत गजानन महाराज पहिल्यांदा दिसतात ते कसे? 23 फेब्रुवारी 1878, माघ वद्य सप्तमी, शेगावात एका घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. सिंहासनावर नाही, चमत्कार करताना नाही. तुझ्या सासूबाईंनी हा प्रसंग किती वेळा वाचला असेल आणि मग रस्त्याकडे बघून पिठलं ढवळलं असेल, याचा हिशेब तूच कर. पोथी एका हातात आणि पळी दुसऱ्या. माणसं पोथी वाटून घेतात, तिच्यासाठी भांडतातही. पळी कोणी मागत नाही. तू माग.

म्हणजे नोकरी सोडून ओसरीवर उभी राहा असं नाही म्हणत. प्रकट दिनाच्या आसपास दोन दिवस रजा काढ, जा, माठ भर. जाऊबाई बरोबर असल्या तर झुणका-भाकर, अंबाडीची भाजी करा. एकटी असलीस तर नुसतं पाणी. पहिल्या वर्षी तुला तिथे उभं राहवणार नाही, कारण वारकरी विचारतील, "बुढी कुठी हाय?" आणि तुला दरवेळी सांगावं लागेल. सांग. प्रत्येक वेळी सांगताना थोडं हलकं होतं, माझा अनुभव आहे.

देवघराचं थोडक्यात. घाईने काही विसर्जित करू नकोस. वर्ष जाऊ दे. टाक, मूर्ती, फोटो, जे आहे त्याची एक यादी करून नणंदेला विचार की तिला काय हवं. बहुतेक तिला देव नको असेल, आईची जपमाळ हवी असेल; देऊन टाक. त्यांची पातळं ट्रंकेत कुजवू नकोस. चार जवळच्या बायांना दे आणि उरलेल्यांची एक वाकळ शिवून घे. पुढच्या भादव्यात महालक्ष्म्या कोणाकडे मांडायच्या यावरून घरात बोलणं निघेल. तीन दिवसांचं काम, सोळा भाज्या, आंबील, पुरण. तुला झेपत असेल आणि हौस असेल तर घे. "बंद पडलं तर घराचं काही बरंवाईट होईल" या भीतीने घेऊ नकोस. जावेकडे गेल्या तर तिथे जाऊन पुरण वाट, ते कमी नाही.

वर्षश्राद्धाला गावजेवण घालायचं म्हणून तुझे यजमान पतसंस्थेत चौकशी करत आहेत, असं तू सहज एका ओळीत लिहिलंस. ही ओळ सहज नाही. त्यांना थांबव. कर्ज काढून सण करू नका म्हणून गाडगेबाबा गावोगाव ओरडून गेले. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत अंत्यसंस्कारावर आख्खा अध्याय लिहिला. या दोघांचे फोटो ज्या गावात घरोघरी आहेत त्याच गावात मी तेराव्यासाठी गहाण पडलेली वावरं पाहिली आहेत. नवऱ्याशी भांडून नको सांगू, आईच्या दुःखात आहे तो. हिशेबाची वही समोर ठेव आणि विचार की तुझ्या आईने हे पैसे कशावर खर्च केले असते. तो तिला ओळखतो.

परवा पुण्यतिथीला मी मोझरीला गेले होते. 4 वाजून 58 मिनिटांनी, महाराज गेले त्या वेळेला, मौन होतं, तुला माहीत आहे. एवढी गर्दी, आणि जो जिथे आहे तिथे उभा. माझ्यापुढे एक माणूस डोक्यावर पोरगं घेऊन थांबला होता, ते पोरगंसुद्धा गप्प. दरवर्षी त्या शांततेत मी महाराजांचं स्मरण करायला उभी राहते आणि मला ऐकू येते ती रिकाम्या मडक्यात पडलेली ज्वारी. यंदा तुझ्या सासूबाईंची पळीही आठवली. मी त्यांना एकदाच भेटले होते, तुझ्या लग्नात. माझ्या ताटात त्यांनी न विचारता दुसऱ्यांदा पिठलं वाढलं होतं. लग्नात पिठलं! पुरी-श्रीखंडाच्या शेजारी. "शयरातल्या मानसाले हे भेटत नाई," म्हणाल्या. मी तिवसा तालुक्यातली, पण वाद घातला नाही.

बाकी आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांच्या नावाची घागर भराल तेव्हा बोलू. मी येईन, जमलं तर ओव्या वाचणाऱ्या त्या पोरीलाही आणीन.

आणि हो, तू लिहिलंस की पोथीच्या एका पानावर हळदीची बोटं उमटली आहेत. घाईत, हात न धुता कुठलं तरी पान त्यांनी उघडलं असणार. ते पान कितव्या अध्यायातलं आहे, ते बघून मला कळव.

तुझी,
मॅडम